घरच्या फाइल सर्व्हरने सगळं इंटरनेट खाऊ नये म्हणून काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दिवसांत फोंड्याहून एक फोन हमखास येतो. घुमट आरतीचे व्हिडिओ घरच्या सर्व्हरवर, म्हणजे फाइली साठवून सगळ्यांना देणाऱ्या संगणकावर, टाकलेले असतात, दुबईचा भाऊ आणि मुंबईची मावशी ते उतरवून घेत असतात, आणि इकडे घरात मुलीचा ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळत असतो. "अहो, प्लॅन शंभरचा आहे!" हे वाक्य ठरलेलं. मग शंभरचे दोनशे होतात, आठवडाभर बरं वाटतं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

घोळ असा की तुमच्या सर्व्हरवरून कुणी फाइल उतरवतो तेव्हा त्याच्यासाठी ते डाउनलोड असतं, तुमच्या लाइनीसाठी मात्र अपलोड. अपलोड भरलं की डाउनलोडही लटकतं, कारण आलेल्या माहितीची पोचपावती त्याच अपलोडच्या वाटेने परत जावी लागते. पोचपावत्या अडकल्या की समोरचा सर्व्हर आपला वेग कमी करतो. म्हणून प्लॅनचा मोठा आकडा इथे फारसा कामाला येत नाही.

खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका. मी पाहिलेल्या बिघडलेल्या मांडण्यांपैकी बहुतेकांत प्रत्येक गोष्ट केलेली होती, फक्त उलट्या क्रमाने.

तयारी: हात घालण्याआधी

लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप, एक चांगली लॅन केबल, राउटरचा ॲडमिन पासवर्ड आणि एक वही एवढं जवळ ठेवा. वही चेष्टेने म्हणत नाही. आकडे लक्षात राहत नाहीत, आणि महिन्याने "आधी किती होतं?" हा प्रश्न येतोच.

ऑपरेटरला फोन करून तीन गोष्टी विचारा. अपलोड किती? "अप टू शंभर" हे उत्तर चालणार नाही, वेगळा आकडा घ्या. महिन्याची डेटा मर्यादा किती, आणि त्यात अपलोड धरतात का? आणि त्यांचा डबा (मोडेम) ब्रिज मोडमध्ये टाकून मिळेल का, म्हणजे तो लाइन नुसती पुढे देईल आणि राउटरचं काम आपला राउटर करेल? गावातल्या केबलवाल्याला तिसरा प्रश्न कळला नाही तर त्याच्या लाइनमनला विचारा, त्याला कळतो.

फायबरऐवजी छपरावरच्या डिशचं किंवा फाइव्ह-जीचं इंटरनेट असेल तर एक लक्षात ठेवा: तिथे अपलोड मुळात कमी असतं आणि दिवसभर बदलत राहतं. पुढची सगळी गणितं अशा लाइनीवर जास्त हात राखून करा.

पायरी १: मोजणी

१. सर्व्हर बंद करा. टीव्ही, कॅमेरे आणि फोनवरचा फोटो बॅकअपही थांबवा.

२. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. वाय-फायवर मोजलेला आकडा तुमच्या भिंतींचा असतो, लाइनीचा नसतो. चिऱ्याच्या जुन्या घरात हा फरक निम्म्याहून जास्त निघू शकतो.

३. स्पीड टेस्ट घ्या, पण टेस्टला तिचा समोरचा सर्व्हर आपणहून निवडू देऊ नका. तो बहुधा ऑपरेटरचाच निवडला जातो आणि आकडा छान दिसतो. मुंबईचा किंवा बंगळुरूचा सर्व्हर निवडा.

४. सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ९, असं तीन दिवस मोजा. वहीत अपलोड, डाउनलोड आणि पिंग (पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) लिहा.

५. आता महत्त्वाचं. एक मोठी फाइल कुठल्याही क्लाउडवर चढवायला लावा आणि ती चढत असताना पिंग बघा. क्लाउडफ्लेअरची स्पीड टेस्ट लाइन रिकामी असतानाचा आणि भरलेली असतानाचा पिंग वेगवेगळा दाखवते, तीही चालेल.

लाइन रिकामी असताना २० मिलिसेकंद आणि अपलोड भरल्यावर ४०० असं काही दिसलं, तर तुमचा आजार कळला. वेग पुरेसा आहे, रांग लांब आहे. दोन्ही वेळा २०-३० च असेल आणि तरी कॉल अडकत असेल, तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे. पायरी २ करून थांबा.

वहीतला रात्री ९ चा अपलोडचा आकडा अधोरेखित करा. पुढे सगळीकडे तोच वापरायचा आहे, सकाळचा छान आकडा नाही.

इथेच एक हिशेब करून ठेवा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये, आणि ८ बिट म्हणजे १ बाइट. अपलोड ४० मेगाबिट असेल तर सेकंदाला कागदावर ५ मेगाबाइट, प्रत्यक्षात साडेचारच्या आसपास. नाटकाचं ४ गिगाबाइटचं रेकॉर्डिंग एकट्याला पंधरा मिनिटांत मिळेल. तिघांनी एकदम घेतलं तर प्रत्येकाला पाऊण तास लागेल, आणि तेही घरात दुसरं कुणी अपलोड वापरत नसेल तर. हा हिशेब नातेवाइकांना सांगून ठेवला की निम्मे फोन येत नाहीत.

पायरी २: सर्व्हर केबलवर, पत्ता कायमचा

ही पायरी छोटी आहे, पण टाळू नका. सर्व्हर वाय-फायवर असेल तर घरातल्या टीव्हीला जाणारी फाइल हवेतून दोनदा जाते, एकदा सर्व्हरकडून राउटरकडे आणि एकदा राउटरकडून टीव्हीकडे. सर्व्हर केबलने जोडा. राउटरच्या सेटिंगमध्ये त्याचा घरगुती आयपी पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो बदलणार नाही. पुढचे काही नियम या पत्त्यावर बांधायचे आहेत.

तपासा: केबल जोडल्यावर वेग १००० दिसतो की १००? १०० दिसला तर एक तर केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली आहे, नाहीतर राउटरचा पोर्टच तेवढा आहे.

पायरी ३: रांग आपल्या आवारात आणा

सगळा खेळ या पायरीचा. सावकाश वाचा.

रायबंदरच्या फेरीधक्क्यावर गर्दीच्या वेळी उभे राहिला असाल तर कळेल. फेरी भरली की रांग धक्क्यावर लागते, आणि तिथे तुमचं काही चालत नाही. दहा ट्रकांच्या मागे तुमची स्कूटर असेल तर दहा ट्रक जाईपर्यंत थांबा. तुमच्या लाइनीवर हेच होतं. सर्व्हरच्या मोठ्या फाइली म्हणजे ट्रक, व्हिडिओ कॉलची माहितीची इवली पाकिटं म्हणजे स्कूटर, आणि रांग लागते ती ऑपरेटरच्या डब्यात. तो डबा कुणालाच पुढे सोडत नाही.

उपाय एकच. आपल्या राउटरमध्येच वेग लाइनीपेक्षा किंचित कमी धरायचा. मग ऑपरेटरच्या डब्यात रांग लागतच नाही, ती आपल्या राउटरमध्ये लागते, आणि कुणाला आधी सोडायचं ते आपण ठरवतो.

ओपन-डब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत, खुली प्रणाली) चालणाऱ्या राउटरवर असं करा:

१. एसक्यूएमचं, म्हणजे रांग सांभाळणारं, पॅकेज टाका, लुसीवाल्या (ब्राउझरमधल्या सेटिंगच्या) पानासकट.

२. इंटरफेस वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, निवडा. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणी होत असेल तर पीपीपीओई-वॅन निवडा. चुकून लॅनचा, म्हणजे घरच्या बाजूचा, निवडला तर अपलोड आणि डाउनलोड उलटे होतात आणि तुम्ही दोन दिवस डोकं खाजवत बसता.

३. अपलोडच्या रकान्यात अधोरेखित आकड्याचे ८५ टक्के भरा. रकाना किलोबिटचा आहे. ४० मेगाबिट मोजले असतील तर ३४००० लिहा.

४. डाउनलोडला त्याच्या रात्री ९ च्या आकड्याचे ९० टक्के. ० लिहिलं तर त्या दिशेला मर्यादाच लागत नाही, म्हणून "सध्या शून्य ठेवू" असं करू नका. मुद्दाम ठेवायचं असेल तर गोष्ट वेगळी, ते पुढे येतं.

५. रांगेची पद्धत केक निवडा आणि स्क्रिप्ट "पीस ऑफ केक".

६. लिंक लेयरच्या टॅबमध्ये इथरनेट निवडा. प्रत्येक पाकिटामागे किती जादा बाइट धरायचे याची खात्री नसेल तर ४४ धरा. थोडं जास्त धरलं तर वेगाचा चिमूटभर तोटा होतो, कमी धरलं तर रांग परत ऑपरेटरकडे जाते.

७. प्रगत पर्यायांत अपलोडच्या बाजूला "नॅट" आणि "ड्युअल-एसआरसीहोस्ट" (nat dual-srchost) हे दोन शब्द घाला. याने वाटणी जोडण्यांऐवजी यंत्रांप्रमाणे होते. हे नसेल तर पन्नास जोडण्या उघडून बसलेला सर्व्हर एका लॅपटॉपच्या पन्नासपट वाटा मागतो.

सावधान: राउटरमधलं हार्डवेअर ऑफलोडिंग (पाकिटं प्रोसेसरला वगळून थेट पुढे ढकलणं) चालू असेल तर पाकिटं एसक्यूएमला न भेटता मागच्या दाराने निघून जातात. ते बंद करा. "सगळं बरोबर भरलंय, पण फरक शून्य" याचं हे पहिलं कारण.

सावधान: स्वस्त राउटरच्या प्रोसेसरला मोठा वेग पेलत नाही. एसक्यूएम लावल्यावर डाउनलोड ३०० वरून १२० वर आलं तर लाइनीला दोष देऊ नका. अशा वेळी डाउनलोडला मुद्दाम शून्य ठेवा आणि फक्त अपलोडला मर्यादा लावा. फाइल सर्व्हरवाल्याचं नव्वद टक्के दुखणं तेवढ्यानेच जातं.

ऑपरेटरच्या डब्यात हे काही मिळत नसेल, आणि बहुधा मिळत नाहीच, तर तो ब्रिज मोडमध्ये टाकून मागे आपला राउटर लावा. ब्रिज देत नसतील तरी आपला राउटर मागे लावून चालतं, फक्त घरातली सगळी यंत्रं, फोनसुद्धा, आपल्याच राउटरला जोडलेली हवीत. एक जरी जुन्या डब्याच्या वाय-फायवर राहिलं तरी ते सगळी मांडणी मोडतं. जुन्या डब्याचं वाय-फाय बंदच करा.

तपासा: पायरी १ मधली मोठी फाइल पुन्हा चढवा आणि पिंग बघा. लाइन रिकामी असतानाच्या आकड्यापेक्षा दहा-वीस मिलिसेकंदांनीच वाढला तर जमलं. मग अपलोडचा आकडा दोन-दोन टक्क्यांनी वर न्या. पिंग उसळला की एक पाऊल मागे या आणि तिथेच थांबा. ही तपासणी रात्री ९ ला करा. सकाळी केलेली रात्री खोटी ठरते.

पायरी ४: आता ॲपच्या मर्यादा

पायरी ३ नीट झाली असेल तर ही थोडकीच लागते. बहुतेक लोक सुरुवात इथून करतात आणि दमतात.

इथला सापळा एककांचा. राउटर किलोबिट मागतो. सिंकथिंग आणि आरसिंक (यंत्रांमध्ये फाइली जुळवून ठेवणारे प्रोग्राम) मात्र सेकंदाला किबिबाइट (१०२४ बाइट) मागतात. म्हापशाच्या एका फोटोग्राफर मित्राने सिंकथिंगमध्ये जाणाऱ्या वेगाच्या रकान्यात २० लिहिलं. डोक्यात २० मेगाबिट होते. तीन आठवडे त्याचे लग्नाचे अल्बम सेकंदाला २० किबिबाइटने मुंबईच्या एडिटरकडे झिरपत होते, आणि दोघंही ऑपरेटरला शिव्या घालत होते. २० मेगाबिटसाठी तिथे २४४० लिहावं लागतं.

सिंकथिंग: मर्यादा जोडणीच्या सेटिंगमध्ये आहे. घरातल्या नेटवर्कवरही मर्यादा लावायची का, असा वेगळा पर्याय आहे. तो बंदच ठेवा, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपलाही मुंबईचाच वेग मिळेल.

आरक्लोन (क्लाउडवर फाइली पाठवणारा प्रोग्राम): बीडब्ल्यूलिमिट या वेगमर्यादेच्या पर्यायाला वेळापत्रक देता येतं, सकाळपासून कमी आणि मध्यरात्रीनंतर मोकळं. इथेही आकडे बाइटचे असतात, बिटचे नाहीत.

नेक्स्टक्लाउड (घरचा स्वतःचा क्लाउड): डेस्कटॉपच्या ॲपमध्ये मर्यादा आहे, पण ती ज्याच्या त्याच्या संगणकावर लागते. त्याच्या पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आधी घेणारा वेब सर्व्हर) असेल तर तिथे वेग बांधता येतो. मात्र तो बांध प्रत्येक जोडणीमागे असतो, म्हणून जोडण्यांची संख्याही सोबत बांधा. नुसता वेग बांधला तर डाउनलोड मॅनेजरवाला आठ जोडण्या उघडून आठपट घेऊन जातो.

सांबा (घरच्या नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्राम): यात वेग बांधायची सोय नाही. ते घरातच वापरा, का ते पायरी ६ मध्ये.

तपासा: प्रत्येक मर्यादा लावल्यावर घराबाहेरून, फोनचा मोबाइल डेटा वापरून, एक फाइल उतरवून बघा. घरात बसून पाहिलेला वेग इथे काही सांगत नाही.

पायरी ५: वेळापत्रक आणि महिन्याची मर्यादा

जड कामं, म्हणजे क्लाउड बॅकअप आणि अल्बम पाठवणं, रात्री १२ ते पहाटे ६ मध्ये टाका. सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या खोक्यात ठेवून, चालत असेल तर एक गोष्ट आधी बघा. कंटेनरचं घड्याळ अनेकदा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असतं. तुम्ही रात्री १ ची वेळ देता आणि बॅकअप सकाळी साडेसहाला सुरू होतो, नेमका मुलं शाळेला निघायच्या आधी सगळे फोन उघडतात तेव्हा. कंटेनरला एशिया-कोलकाता हा टाइमझोन द्या आणि दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये वेळ पडताळा.

घेणारे कुठे आहेत तेही पाहा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. भाऊ रात्री ९ ला निवांत बसतो तेव्हा इथे साडेदहा झालेले असतात आणि घरात ओटीटी चालू असतं. त्याला रात्रीतून आपोआप सिंक होईल असं लावून दिलं की दोघांचंही काम होतं.

आता मर्यादा. बऱ्याच "अनलिमिटेड" घरगुती प्लॅनना महिन्याला ३३०० गिगाबाइटची मर्यादा असते, ती ओलांडली की वेग पाडला जातो. ३३०० मोठा वाटतो, पण गणित केलं तर तो महिनाभर रात्रंदिवस सरासरी १० मेगाबिट एवढाच भरतो. सर्व्हर सतत १० मेगाबिटने बाहेर ओकत असेल आणि अपलोड मर्यादेत धरत असतील, तर घरच्यांसाठी काही उरत नाही. एक टेराबाइटचा पहिला बॅकअपच जवळजवळ तिसरा हिस्सा खातो. तो दोन महिन्यांत विभागा.

सर्व्हरवर व्हीएनस्टॅट (डेटा किती गेला ते मोजणारा प्रोग्राम) टाका. महिना १ तारखेऐवजी तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजायला सांगा, नाहीतर आकडे कधीच जुळणार नाहीत.

पायरी ६: दरवाजा एकच, तोही कुलपाचा

वेगाचा आणि दरवाज्याचा संबंध काय, असं वाटेल. उघड्या पोर्टवर, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हरवर यायच्या दारावर, दिवसभर अनोळखी यंत्रं धडका मारत असतात आणि तीही तुमचं अपलोड वापरतात.

आधी राउटरमध्ये वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला आहे, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरने सर्व्हरकडे वळवणं) कितीही केलं तरी चालणार नाही. यात रविवार घालवलेले लोक मला माहीत आहेत, त्यात मीही आहे. मार्ग तीन: ऑपरेटरकडून पैसे देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता, आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे, प्रत्येक यंत्राला पुरणारे पत्ते), किंवा टेलस्केल (आपल्या यंत्रांमध्ये खाजगी बोगदा जोडणारी सेवा).

टेलस्केल वापरत असाल तर त्याच्या स्टेटसमध्ये जोडणी थेट आहे की रिले, ते बघा. रिले दिसत असेल तर माहिती तिसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून जाते आणि वेग पडतो. तेव्हा पायरी ३ चे आकडे बदलत बसू नका, दोष तिथे नाही.

सावधान: सांबाचा ४४५ पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच वाटेने पसरला होता.

आणि लिंक. सर्व्हरची उघडी लिंक भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली की खेळ संपला. ग्रुपवरून ती दुसऱ्या ग्रुपवर जाते, आणि अपलोड ४० मेगाबिटच राहतं. प्रत्येक लिंकला पासवर्ड आणि सात दिवसांची मुदत ठेवा. दोनशे जणांना दाखवायचा व्हिडिओ असेल तर तो यूट्यूबवर अनलिस्टेड टाका. घरचा सर्व्हर दहा-पंधरा माणसांचा असतो, माझं मत विचाराल तर त्याहून कमींचा. घरच्यांसाठी ठेवायचा व्हिडिओही आधी एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ कमी जागेत दाबायची पद्धत) छोटा करून घ्या. बघणाऱ्याला फरक कळत नाही, लाइनीला कळतो.

पायरी ७: पावसाळा

आपल्याकडे ही वेगळी पायरीच लागते.

लाईट जाते आणि येते, तेव्हा सगळं एकदम उठतं. सर्व्हर फाइली तपासायला लागतो, साठलेली सगळी सिंक एकाच वेळी सुटतात. ऑपरेटरच्या डब्याला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. बहुतेक डबे १२ व्होल्टवरच चालतात, पण ॲडॉप्टरवरचा आकडा वाचून मगच घ्या. सर्व्हरला वेगळा यूपीएस हवा. सिंकच्या सेवा सर्व्हर सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी उठतील असं लावा, म्हणजे तोवर लाइन जोडली जाते.

जूनच्या सुरुवातीला आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट असतो. फायबरमधून वीज येत नाही, ती ॲडॉप्टरमधून येते. दोन घरांमध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढली असेल तर तिच्यातूनही येते. माझा एक राउटर असाच गेला, सोबत सर्व्हरचा लॅन पोर्टही. ढग गुरगुरायला लागले की प्लग काढा. दोन घरं जोडायचीच असतील तर मध्ये फायबर टाका.

फांदी पडून फायबर ताणली गेली तर लाइन चालू राहते पण खंगते. डब्याच्या पानावर आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ती उणे २५ डीबीएमच्याही खाली घसरली असेल तर ऑपरेटरला बोलवा. जीपॉनच्या (घरगुती फायबरची नेहमीची पद्धत) नेहमीच्या डब्यांची शेवटची मर्यादा उणे २७ ची असते. अशा खंगलेल्या लाइनीचा खरा वेग तुमच्या एसक्यूएममधल्या आकड्याच्या खाली गेला की रांग गुपचूप परत ऑपरेटरकडे जाते, आणि घरात पुन्हा "कालपर्यंत चालत होतं" सुरू होतं.

म्हणून प्रत्येक मोठ्या पावसानंतर, ऑपरेटरने डबा बदलल्यावर आणि चवथीच्या आदल्या आठवड्यात पायरी १ परत करा. वही काढा, रात्री ९ चा आकडा लिहा आणि एसक्यूएममध्ये त्याचे ८५ टक्के भरा. चवथीच्या पाच दिवसांत सर्व्हरची एकावेळची डाउनलोडं दोनवर आणून ठेवा. तिसऱ्याला थांबावं लागेल, पण घरातला कॉल तुटणार नाही.